रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद? कोलेस्टेरॉलच्या बाबतीत या चुका टाळा

“डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून मीच गोळी बंद केली.” पुण्यात फिजिशियन म्हणून काम करताना हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं. पथ्य पाळलं, चाललो, आकडा खाली आला, आता औषधाची कटकट कशाला? हा हिशेब चुकीचा आहे आणि तो फार महागात पडतो.

आकडा खाली आला तो गोळी चालू होती म्हणून. स्टॅटिन गटातली औषधं यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम अडवतात. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडतं, मग ते आपल्या पेशींवर एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पकडणारे रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. (हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं.) गोळी थांबली की रिसेप्टर कमी होतात आणि काही आठवड्यांत एलडीएल जिथून निघालं तिथे परत येतं. चष्मा लावल्यावर स्वच्छ दिसायला लागलं म्हणून कोणी चष्मा काढून कपाटात ठेवत नाही.

साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. अँजिओप्लास्टी होऊन चार महिने झाले होते. माणूस शिस्तीचा. सिगारेट सोडलेली, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहाटे पर्वती, रात्री ताक-भाकरी. तपासणीत एलडीएल ५८ आलं. कुणीतरी ओळखीच्याने रिपोर्ट पाहून सांगितलं, “सगळं रेंजमध्ये आहे की! आता उगाच लिव्हर कशाला खराब करून घेता?” त्यांनी ‘कोलेस्टेरॉलची कॅप्सूल’ बंद केली. बीपीची आणि शुगरची गोळी मात्र वेळच्या वेळी घेत राहिले. घरात बोलले नाहीत, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. काही आठवड्यांनी पहाटे छातीत कळ आली आणि दरदरून घाम फुटला. अँजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटमध्ये, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीत, गुठळी होऊन तो बंद झाला होता.

त्यांच्या मुलीला मी घरातली सगळी औषधं आणायला सांगितली. बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात भरून ती घेऊन आली. तळाशी त्या कॅप्सूलच्या न फोडलेल्या पट्ट्या रबरबँड लावून नीट ठेवलेल्या. मी पट्टी उलटी केली. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत तीन नावं होती: रोझुवास्टॅटिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. आपल्याकडे या तिघांची मिळून एकच कॅप्सूल सर्रास मिळते. कोलेस्टेरॉलचं औषध बंद करतोय असं समजून त्यांनी स्टेंट उघडा ठेवणारी, रक्त पातळ ठेवणारी दोन औषधंही बंद केली होती. स्टेंटनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही दोन औषधं अचानक थांबवण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. हे त्यांना डिस्चार्जच्या वेळी कुणी समजावून सांगितलं नव्हतं, मेडिकलवाल्यानेही नाही. ते वाचले. पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं आणि आज घराचा एक जिना चढला तरी त्यांना थांबावं लागतं.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. कागदावरची यादी मी मानत नाही, घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा म्हणतो. एकत्र कॅप्सूल असेल तर तिच्या पट्टीवर मार्करने मराठीत लिहितो: “यात रक्त पातळ करणारं औषध आहे. विचारल्याशिवाय बंद नाही.” तुमच्याही घरी असं करा. दोन मिनिटांचं काम आहे. जमलं तर डॉक्टरांना तिन्ही औषधं वेगवेगळी लिहून द्यायला सांगा. गोळ्या वाढतात, पण काय चालू आहे आणि काय बंद केलं ते कळतं.

दुसरी चूक याच चुकीची सख्खी बहीण आहे. लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडे छापलेली ‘नॉर्मल रेंज’ स्वतःला लावून बघायची. ती रेंज सगळ्यांसाठी मिळून छापलेली असते. तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेलाय की नाही हे लॅबला माहीत नसतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचं ७० च्या खाली आणि ज्यांना आधीच हार्ट अटॅक, अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) किंवा पक्षाघात झालाय अशांचं ५५ च्या खाली हवं. म्हणजे ९५ हा आकडा एकासाठी उत्तम आणि त्याच्याच बायपास झालेल्या भावासाठी धोक्याचा. मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने त्या पेशंटचा आकडा लिहून ठेवतो. रिपोर्ट आला की तोच बघायचा, लॅबचा नाही. एवढा अट्टहास का, तर स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना जवळजवळ एक पंचमांशाने घटतात असं दिसलं. जितकी वर्षं खाली ठेवाल तितका फायदा वाढत जातो. तीन महिने घेऊन ‘कोर्स पूर्ण’ करण्याचं हे औषधच नाही.

आता अंगदुखीचं. व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो, स्टॅटिनने स्नायू झिजतात म्हणून, आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पोटऱ्या दुखणाऱ्यांची रांग लागते. ही माणसं खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच दुखतं. पण दुखण्याचं कारण गोळीतलं रसायनच आहे का, हे लंडनच्या ‘सॅमसन’ चाचणीत फार हुशारीने तपासलं गेलं. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना दर महिन्याला एक अशा बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार तशाच दिसणाऱ्या नकली गोळ्यांच्या आणि चार रिकाम्या. क्रम उलटसुलट. रोज त्रासाला गुण द्यायचे. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनवर १६.३ आणि नकली गोळीवर १५.४. म्हणजे त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग ‘आपण गोळी घेतोय’ यातूनच आला होता. हे समजल्यावर त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

याचा अर्थ दुखण्याकडे दुर्लक्ष करा असा नाही. स्नायूंना खरी इजा होते, पण क्वचित. लघवी कोकमासारखी गडद झाली, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहिला नाही, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी मी आधी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासतो. कमी चालणारं थायरॉइड एलडीएलही वाढवतं आणि अंगही दुखवतं, आणि ते न बघताच स्टॅटिन सुरू करणं हीसुद्धा एक नेहमीची घाई आहे. सगळं ठीक असेल तर दोन-तीन आठवडे गोळी थांबवून बघतो, मग कमी डोसने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने सुरू करतो. एका वेळी एकच बदल. ज्यांना एकाच भेटीत गोळी, तेल, व्यायाम आणि काढा सगळं बदलायचं असतं, त्यांच्या बाबतीत कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कधीच कळत नाही.

काढ्यांचा विषय निघालाच आहे तर, लसूण, लिंबू, आलं आणि व्हिनेगरचा काढा रक्तवाहिन्यांतला ‘कचरा’ धुऊन काढत नाही. वाहिनीतला थर हा भिंतीच्या आत असतो, नळात साचलेल्या गाळासारखा नसतो. लसूण जेवणात जरूर खा. गोळीच्या जागी काढा घेऊन सहा महिने वाया घालवलेले पेशंट पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते सहा महिने परत मिळत नाहीत.

तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ शब्दांना भुलू नका. कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसतंच. तेल किती वापरता आणि तळलेलं तेल पुन्हा किती वेळा गरम करता ते बघा. शिवाय ‘थोडंसंच’ म्हणून खाल्लेली खारी, श्रूजबरी आणि पॅटिसही हिशेबात धरा. एरवी ते हिशेबाबाहेरच राहतं.

“मी तर बारीक आहे.” हे ऐकलं की मी आपल्या पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण वरून सडपातळ आणि आतून चरबीचे असू शकतो. वजनकाट्यावर विसंबून तपासणी टाळू नका.

रोज पर्वती किंवा तळजाई चढता, छान करता, चढत राहा. त्याने बीपी, शुगर, वजन सुधारतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) उतरतं, पण एलडीएल फारसं हलत नाही. आनुवंशिक कोलेस्टेरॉल असेल तर अजिबातच नाही. एलडीएल १९० च्या वर असेल आणि घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करा. मुलं सडपातळ, खेळाडू असली तरीही.

एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, भरपूर आहे म्हणून एलडीएल जास्त असलं तरी चालतं, असं नाही. एचडीएल वाढवणारी औषधं मोठ्या चाचण्यांत फसली आहेत.

चौदा तास उपाशी राहून चक्कर येईपर्यंत थांबायची गरज नाही. बहुतेकांची लिपिड (कोलेस्टेरॉलची) तपासणी खाऊनही चालते. ट्रायग्लिसराइड फार जास्त आलं तरच उपाशीपोटी पुन्हा करा. डेंग्यू-टायफॉइडच्या तापात किंवा ऑपरेशननंतर लगेच मात्र करू नका, आकडा फसवा कमी येतो.

डोस दुप्पट केला म्हणजे परिणाम दुप्पट होत नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्यावर एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. त्यापेक्षा जोडीला एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध घेणं बऱ्याचदा सोयीचं पडतं. ‘चुकली कालची, आज दोन घेतो’ हेही नको. माझ्या पेशंटना मी गोळी टूथब्रशच्या कपाशेजारी ठेवायला सांगतो. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोझुवास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, फक्त वेळ रोज तीच असावी. घसा धरला म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणू नका. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिनबरोबर ते स्नायूंना महाग पडू शकतं.

“पॅरालिसिसचा आणि कोलेस्टेरॉलचा काय संबंध?” गुठळीने झालेल्या पक्षाघाताशी थेट संबंध आहे. २००६ च्या ‘स्पार्कल’ चाचणीत आधी पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेल्या ४,७३१ जणांपैकी निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम दिलं, निम्म्यांना नकली गोळी. औषधाच्या गटात पुन्हा पक्षाघात होण्याचा धोका १६ टक्क्यांनी कमी दिसला. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांची गोष्ट वेगळी, तिथे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील.

तोंड वाकडं झालं, हातातून कप निसटला, बोलणं बोबडं झालं आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, की घरचे म्हणतात, “ॲसिडिटी असेल, झोपा जरा.” झोपवू नका, हा पक्षाघाताचा तोच छोटा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते कागदावर लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. आपल्या घराजवळ चोवीस तास सीटी स्कॅन कुठे होतो, हे आजच विचारून फ्रिजच्या दारावर लिहून लावा.