मार खाणारी बहीण चर्चच्या दारात आली, तर या चुका टाळा

"दोघांना एकत्र बसवा, प्रार्थना करू, मिटेल." घरात मार खाणारी बाई पाळकांकडे आली की मंडळीत आधी हेच सुचतं. सगळ्यात मोठी चूक हीच. नवऱ्यासमोर ती खरं बोलणार कशी? तो रडतो, बायबलवर हात ठेवून शपथ घेतो, सगळे ‘आमेन’ म्हणतात. घरी पोचल्यावर ‘घरातलं बाहेर सांगितलंस’ याची वसुली होते. तिला एकटीला भेटा, सोबत एखादी जाणती बाई असू द्या. मेसेज पाठवू नका, फोन त्याच्याही हातात असतो. अशी बैठक होऊनच गेली असेल, तर महिला मंडळाच्या किंवा गायनाच्या सरावाच्या निमित्ताने तिला गाठा आणि विचारा, "आज रात्री घरी जायला भीती वाटते का?" उत्तर ‘हो’ असेल, तर आधी मुक्कामाची सोय. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेही विधवांना राहायला आणि शिकायला जागा म्हणूनच.

दुसरी चूक वचनांची. ‘सातांच्या सत्तर वेळा क्षमा’ तिलाच ऐकवतात. लूक १७:३ मात्र अपराध करणाऱ्याला दोष दाखवायला सांगतं, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा. इफिसकरांस ५:२२ (‘बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं’) वाचणाऱ्यांनी वरचं २१ (‘एकमेकांच्या अधीन असा’) आणि खालचं २५ (‘नवऱ्यांनो, बायकोवर प्रीती करा’) वाचायला कुणाची हरकत नसावी.

‘लग्न मोडता येत नाही, सहन कर’ हेही अर्धसत्य. जोडीदारापासून जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायची मुभा कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कॅनन (कलम) ११५३ मध्येच आहे. देशाच्या कायद्यात मात्र ख्रिस्ती बायकोला नुसत्या क्रूरतेवरून घटस्फोट मागता येऊ लागला तो २००१ च्या दुरुस्तीनंतर. त्याआधी क्रूरतेला व्यभिचाराची जोड दाखवावी लागे.

‘चर्चची गोष्ट चर्चमध्येच’ हा हट्ट सोडा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार कुणीही सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दायित्व येत नाही. म्हणजे पाळकही कळवू शकतात. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. लहान मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर कळवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे ते बंधनकारक आहे. पापनिवेदनात, म्हणजे कुणी पापं कबूल करायला येतं तेव्हा, ऐकलेलं मात्र चर्चच्या नियमाप्रमाणे फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. म्हणून तिथे विषय निघाला, तर "बाहेर येऊन हेच मला पुन्हा सांगशील का?" असं तिथल्या तिथेच विचारावं.

मारणारा कमिटीवर असला, वर्गणी घसघशीत देत असला, की सगळ्यांची जीभ टाळूला चिकटते. चौकशी चालू असेपर्यंत त्याला कमिटीवरून आणि वेदीवरच्या सेवेतून बाजूला करा. तिला मात्र तिची नेहमीची जागा बदलायला सांगू नका.