अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःचे व्यवहार हाती कसे घ्यावेत

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की भारतात व्यक्ती कायद्याने सज्ञान ठरते आणि करारावरची तिची सही तिला बांधून ठेवते. तोवर बहुतेक ठिकाणी आई-वडील सही करत असतात. पुढे मात्र हप्ता थकला किंवा करार मोडला, तर नोटीस थेट आपल्या नावाने येते. म्हणून या वयातल्या जबाबदाऱ्यांची सुरुवात कागदपत्रांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम म्हणजे आधार आणि बँक खाते यांना कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, हे पाहणे. अनेक मुलांच्या बाबतीत तो वडिलांचा असतो आणि पुण्यात फॉर्म भरताना ओटीपी गावाकडे जातो. तो बदलून घ्यावा. अल्पवयीन असताना उघडलेल्या खात्यासाठी बँकेत नव्याने केवायसी करून सहीचा नमुना द्यावा आणि नॉमिनीचे नाव नोंदवावे. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर आपला फोटो व सही नसते, त्यामुळे त्यात बदलाचा अर्ज करावा. मतदार नोंदणीसाठी नमुना ६ भरावा; १७ वर्षे पूर्ण झाल्यावर हा अर्ज आगाऊही करता येतो.

नोकरी लागल्यावर पहिले पगारपत्रक ओळीओळीने वाचावे. मूळ वेतन १५,००० रुपये असेल आणि त्यावर १२ टक्क्यांनी भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर १,८०० रुपये आपल्या पगारातून जातात आणि तेवढेच मालक भरतो. मालकाच्या वाट्यातला मोठा भाग निवृत्तिवेतन योजनेत जमा होतो. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा आपला सार्वत्रिक खाते क्रमांक, नोकरी बदलली तरी तोच राहतो, म्हणून नव्या ठिकाणी दुसरा काढू नये आणि जुनी रक्कम मोडण्याऐवजी वर्ग करून घ्यावी.

भाड्याने खोली घेताना घाई करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार (जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘आपण सगळे ओळखीचेच आहोत, कशाला कागद’ असे कोणी म्हणाले, तरी नम्रपणे आग्रह धरावा. करारात अनामत रक्कम किती, ती किती दिवसांत परत मिळणार, रंगकामाचे पैसे त्यातून कापणार का, मुदतीआधी खोली सोडल्यास काय आणि सोसायटीचा मेंटेनन्स कोणी भरायचा, हे स्पष्ट लिहिलेले असावे. ताबा घेताना भिंती, नळ, पंखे आणि वीजमीटरचे आकडे यांचे फोटो काढून ते घरमालकाला त्याच दिवशी पाठवावेत, कारण अनामत रकमेवरचे बरेच वाद शेवटी खोलीच्या मूळ स्थितीवरूनच होतात.

याच वयात एखादा मित्र कर्जासाठी जामीन राहायला सांगतो. भिडेखातर होकार देऊ नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे मित्राने हप्ते थकवले तर बँक आधी त्याच्याकडून वसुली पूर्ण करून मगच आपल्याकडे येईल, असे गृहीत धरता येत नाही. जेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून भरण्याची तयारी आहे, तेवढ्यासाठीच जामीन राहावे. क्रेडिट कार्डाचेही पूर्ण बिल भरावे. ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंब शुल्क टळते, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते.

घरी पैसे पाठवायचे असतील तर रक्कम आई-बाबांसमोर बसून ठरवावी. पहिल्या पगाराच्या आनंदात मोठा आकडा सांगितला जातो आणि भाडे, मेस, पास यांचा खर्च कळल्यावर तो निभत नाही. पहिले तीन महिने खर्चाची नोंद ठेवून मग आकडा सांगितला, तर पुढे दर महिन्याला संकोच वाटत नाही, आणि बहिणीच्या फीसाठी किंवा बाबांच्या औषधांसाठी नेमका कोणता खर्च आपण उचलणार, हेही त्याच वेळी बोलून घेता येते.