भाड्याचं घर शोधताय? आधी येण्याजाण्याचं गणित मांडा, मग फ्लॅट बघा

घर भाड्याने बघताना बहुतेक जण आधी भाडं बघतात, मग फोटो, मग ओटा केवढा आहे, बाल्कनी आहे का, आणि ऑफिसला जायचं कसं हे सगळ्यात शेवटी, तेही मॅपवर एक नजर टाकून "बाराच किलोमीटर ना, मग जवळच आहे की" म्हणत टोकन देऊन मोकळे होतात. हा क्रम उलटा पाहिजे. आधी येण्याजाण्यावरून एरिया पक्का करायचा आणि मग त्या एरियातली घरं बघायची. आणि एरिया तपासताना वाईट दिवस डोळ्यासमोर ठेवायचा, म्हणजे गाडी लेट आहे, पाऊस पडतोय, पूल जाम आहे, अशा दिवशी किती वेळ लागतो ते बघायचं. उशीर झाल्यावर बॉस तुमची सरासरी विचारत नाही.

१. कोणाला कुठे जायचंय ते लिहून काढा

घरातल्या प्रत्येकाचं लिहा. कुठे जायचं, आठवड्यातून किती वेळा, किती वाजता पोचायचं, किती वाजता सुटायचं. नुसतं ऑफिस नको, शाळा, क्लास, आईवडिलांकडे जाणं, ठरलेल्या तारखेचं हॉस्पिटल, सगळं. ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस जायचं असेल तर थोडं लांब राहणं खपून जातं, पण पोरांची शाळा रोजची असते आणि तिथे सोडायला जाणं हा तुमचाच प्रवास असतो, हे लोक हिशोबात धरत नाहीत.

नवराबायको दोघं शहराच्या दोन टोकांना नोकरी करत असतील तर मॅपवर मधोमध बोट ठेवून घर शोधलं जातं. हे बऱ्याचदा फसतं. एकाच्या ऑफिसला थेट ट्रेन जाते आणि दुसऱ्याचं ऑफिस अशा कोपऱ्यात आहे जिथे एकच बस जाते, तर घर त्या बसवाल्याच्या जवळ घ्यायचं. ट्रेनला दोन स्टेशनं वाढली तर पाच-सात मिनिटं जातात, तेवढंच अंतर गर्दीच्या रस्त्यावर बसला वाढलं तर अर्धा तास सहज गेला. भांडण व्हायचं ते होईलच, निदान आकडे समोर ठेवून होईल.

२. मर्यादा आधी ठरवा, घर बघायच्या आधी

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ सेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये असं मांडलं होतं की माणूस पायी फिरायचा तेव्हाही आणि गाड्या आल्या तेव्हाही दिवसाचा साधारण एक तासच तो प्रवासात घालवतो, वाहनं फास्ट झाली की वेळ वाचण्याऐवजी लोक आणखी लांब राहायला जातात. मोठ्या शहरांत याच्या दुप्पट वेळ घालवणारे भरपूर आहेत, त्यामुळे हा काही नियम नाही, पण खूण म्हणून बरा आहे. तुमचा आकडा तुम्ही ठरवा आणि तो दाराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंतचा धरा, नुसता गाडीत बसल्याचा नको. एका बाजूला ४० मिनिटं जास्त लागली तर जाऊन-येऊन ८०, महिन्याचे २२ दिवस धरले तर २९ तासांच्या वर गेले. आकडा लिहून ठेवायचा म्हणजे ठेवायचाच, कारण छान हवेशीर फ्लॅट दिसला की "पन्नासच्या जागी सत्तर मिनिटं, चालतंय की" असं वाटायला वेळ लागत नाही.

३. मॅप बघा पण योग्य वेळ टाकून

रविवारी रात्री सोफ्यावर बसून मॅप उघडला तर सगळं शहर जवळ दिसतं. गूगल मॅपमध्ये निघण्याची किंवा पोचण्याची वेळ टाकता येते, ती कामाच्या दिवसाची आणि तुमच्या शिफ्टची टाका, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. गाडीने जाण्याचं बघताना तो "३५ मिनिटं ते १ तास १० मिनिटं" असं काहीतरी दाखवतो, त्यातला मोठा आकडा आपला. आणि दोन आकड्यांमधला फरक किती तेही बघा. एका एरियातून ४५ ते ५५ लागतात आणि दुसऱ्यातून ३० ते ८०, तर मी पहिला घेईन, कारण दुसऱ्यात वेळेवर पोचायचं असेल तर रोज ८० मिनिटं आधीच निघावं लागणार आणि मग त्या ३० मिनिटांचा उपयोग काय, ऑफिसखाली चहा पीत बसायचं?

रस्त्याचं असं का होतं, तर रस्ता जवळजवळ भरलेला असताना त्यात थोड्याच गाड्या वाढल्या तरी वेळ एकदम उडी मारतो. म्हणून वीस मिनिटं आधी निघणाऱ्याचा प्रवास कधीकधी निम्म्यावर येतो. ऑफिसच्या वेळा लवचिक असतील तर ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, एरियाची यादी एकदम वाढते.

आता ऑफिस मधोमध ठेवून तीस मिनिटांत कुठून पोचता येतं, पंचेचाळीसमध्ये कुठून, असं मॅपवर रंगवा. असा वेळेचा नकाशा फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८१ मध्येच काढला होता, लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं त्याचा. तुमचा नकाशा गोल येणार नाही, ट्रेनच्या लाइनीवर लांब शेपटासारखा जाईल आणि जवळच्याच काही वस्त्या बाहेर पडतील. तिथेच खरी माहिती असते. ब्रोकर ज्याला "लांब" म्हणतो असं लाइनीवरचं स्टेशन बऱ्याचदा "जवळच्या" एरियापेक्षा आधी पोचवतं.

४. गाड्या किती आहेत आणि कशा येतात

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

घराजवळ स्टॉप आहे एवढ्यावर खूश होऊ नका, तिथून किती मिनिटांनी गाडी आहे ते विचारा. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं, दर अर्ध्या तासाने असेल तर टाइमटेबल पाठ करून आयुष्य त्याच्याभोवती लावावं लागतं, मीटिंग पाच मिनिटं लांबली की घरी अर्धा तास उशिरा. शिवाय स्टॉपवर थांबलेली मिनिटं गाडीत बसलेल्या मिनिटांपेक्षा फार जड वाटतात, वाहतुकीचं प्लॅनिंग करणारेसुद्धा थांबण्याचा वेळ हिशोबात साधारण दुप्पट धरतात.

पण "तासाला सहा बस" हे कागदावर वाचूनही पुरत नाही. समजा सहा बस आहेत, पण तीन-तीनच्या झुंडीने येतात. मग प्रत्यक्षात दोन झुंडींमध्ये ३० मिनिटं जातात आणि सरासरी थांबणं ५ मिनिटांवरून १५ वर गेलं, बस तेवढ्याच असताना. आणि हे कोणाच्या आळशीपणाने होत नाही. एक बस सिग्नलला अडकून जरा मागे पडली की पुढच्या स्टॉपवर जास्त माणसं जमलेली असतात, ती चढायला जास्त वेळ लागतो, बस आणखी मागे पडते, आणि तिच्या मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत म्हणून ती रिकामी पळत येऊन हिला गाठते. रूट जितका लांब आणि ट्रॅफिकमधून जाणारा तितकं हे जास्त. म्हणून स्टॉप जर रूटच्या सुरुवातीच्या बाजूला असेल तर बस निदान ठरलेल्या अंतराने येतात, शेवटाकडे असेल तर राम भरोसे. स्वतःची वेगळी लेन असलेली बस, ट्रेन आणि मेट्रो यांचा त्रास बराच कमी.

सुरुवातीच्या स्टॉपचा दुसरा फायदा म्हणजे बसायला जागा. बसून ५० मिनिटं गेली तर डुलकी होते, वाचन होतं, उभं राहून चेंगरत गेलेली ३५ मिनिटं ऑफिसात पोचल्यावरही अंगात राहतात. मधल्या स्टेशनांवर तर पीक अवरला गाडी येते पण चढताच येत नाही, दोन गाड्या सोडाव्या लागतात, आणि हे कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही. काही गाड्या मधल्याच स्टेशनावरून सुटतात, ती स्टेशनं कोणती ते शोधून काढा.

गाडी बदलायची असेल तर दुसरी गाडी किती मिनिटांनी आहे ते महत्त्वाचं. पहिल्या गाडीला चारच मिनिटं उशीर झाला आणि दुसरी अर्ध्या तासाने असली तर ती चार मिनिटं तुम्हाला तीस मिनिटांना पडली. दोन्ही बाजूंना दाट गाड्या असतील तर बदलायला अजिबात घाबरू नका, एकच थेट बस तासाने येते त्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते नक्की बघा, रविवारचं टाइमटेबलही.

५. स्टेशन ते घर, पायी

जाहिरातीत "स्टेशनपासून ५ मिनिटं" लिहिलेलं असतं, ते कोणाच्या गाडीने ते लिहीत नाहीत. आपण नेहमीच्या चालीने मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ८०० मीटरला १० मिनिटं. पण मॅपवरचं सरळ अंतर आणि पायाखालचं अंतर यात रेल्वेचे रूळ, नाला, हायवे येतात. स्टॉप समोरच दिसतो पण मध्ये डिव्हायडर आहे आणि पादचारी पूल पाव किलोमीटर पुढे, असं पुष्कळ ठिकाणी असतं, आणि जाताना या बाजूचा स्टॉप असतो तर येताना त्या बाजूचा. फुटपाथ आहे का, रात्री दिवे असतात का, पाऊस पडला की पाणी कुठे साचतं, जिने किती आहेत, लिफ्ट चालू असते का, हे चालूनच कळतं. घरात उशिरा परतणारं कोणी असेल, म्हातारं माणूस असेल किंवा बाबागाडी असेल तर हा टप्पा बाकी सगळ्यापेक्षा वरचढ धरा.

६. दुसरा रस्ता खरंच दुसरा आहे का

"बस नाही मिळाली तर कॅब आहे" हे सगळे म्हणतात. पण बस आणि कॅब दोन्ही त्याच एका पुलावरून जात असतील तर तुमच्याकडे पर्याय एकच आहे, फक्त तिकीट वेगळं. पूल जाम झाला की दोन्ही अडकले. ट्रेन आणि रस्ता, किंवा मेट्रो आणि सायकल, असे एकमेकांशी संबंध नसलेले दोन मार्ग ज्या एरियाला आहेत त्याला माझ्याकडून जास्त मार्क. अंतर पाच-सहा किलोमीटरच्या आत असेल तर सायकलला साधारण २०-२५ मिनिटं लागतात आणि ती रोज तेवढीच लागतात, हे विसरू नका.

७. भाड्यात प्रवासाचा खर्च मिळवा

पास, पेट्रोल, पार्किंग, आणि उशीर झाल्यामुळे पकडलेल्या कॅब, सगळं महिन्याचं काढून भाड्यात मिळवा आणि मग दोन घरांची तुलना करा. शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगते, नुसतं घर बघण्यापेक्षा ही पद्धत बरी. लांबचं स्वस्त घर दुसरी गाडी घ्यायला लावणार असेल तर ते स्वस्त उरत नाही.

आणि भाडं कमी द्यावं लागतं म्हणून लांबचा प्रवास सोसू असा विचार असेल तर हे ऐका: स्टुट्झर आणि फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या माहितीवर २००८ मध्ये दाखवलं की ज्यांचा प्रवास लांबचा ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, स्वस्त घराने किंवा चांगल्या पगाराने ती कसर पूर्ण भरून निघत नाही.

८. एकदा खरंच जाऊन बघा

दोन-तीन एरिया उरले की कामाच्या दिवशी त्या एरियातून तुमच्या वेळेला निघून ऑफिसला जा आणि संध्याकाळी परत या. सोमवार आणि शुक्रवार टाळा, मधला वार घ्या, सुट्टीच्या आसपासचा नको. परतीचा प्रवास मुद्दाम करा, सकाळी ४० मिनिटं लागणारा रस्ता संध्याकाळी ७० घेतो असं सर्रास होतं. स्टॉपवर उभ्या असलेल्या लोकांना विचारा, "पाऊस पडला की काय करता?" ब्रोकरपेक्षा खरं उत्तर तिथे मिळतं.

९. सही करताना

"पुढच्या वर्षी इथे मेट्रो येणार" म्हणून भाडं जास्त सांगितलं तर ते देऊ नका. असे प्रकल्प लांबतात, आणि तोपर्यंत त्याच रस्त्यावर खोदकाम आणि बॅरिकेड असतात, म्हणजे जास्त भाडं देऊन जास्त ट्रॅफिक. लाइन सुरू झाली की तेव्हा तिथे राहायला जाता येतंच. लॉक-इन पिरियड, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, शक्य तितका कमी मागा, सहा महिन्यांच्या आत नोकरी बदलली तर काय हे आधीच बोलून घ्या, आणि नोटीस किती दिवसांची ते ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. नोकरी बदलायची शक्यता असेल तर एका ऑफिसला चिकटलेल्या एरियापेक्षा दोन लाइनी जिथे मिळतात त्या स्टेशनाजवळचं थोडं लहान घर घ्या, पुढचं ऑफिस कुठेही असलं तरी सामान परत बांधावं लागण्याची शक्यता कमी.