तीन रात्रींची व्याख्यानमाला : गावाने आधी काय काय करून ठेवावे

सर्वांत आधी तारखा ठरवाव्यात, आणि त्या वक्त्यांच्या सवडीने ठरवण्याआधी शिवाराच्या सवडीने ठरवाव्यात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली व ती एप्रिल-मे महिन्यांत भरते, म्हणून आपणही उन्हाळाच धरावा असे कोणीतरी सुचवतेच. परंतु विदर्भात त्या दिवसांत पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो आणि लग्नसराईमुळे निम्मे गाव बाहेर असते. तूर निघाल्यानंतर आणि हरभरा सोंगणीला येण्यापूर्वी, जानेवारीच्या उत्तरार्धात जी थोडी उसंत मिळते, तीच धरावी. त्यातही शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर थ्री फेज वीज त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे लाइनमनला विचारूनच तारीख पक्की करावी. रात्रपाळीची वीज असेल तर गहू-हरभऱ्याचे ओलीत करणारा शेतकरी मोटारीपाशी असणार आणि ज्याच्यासाठी कृषितज्ज्ञ बोलावला, तोच समोर नसणार.

वेळ ठरवताना शेवटाकडून मागे मोजत यावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही आणि एरवीही त्यासाठी लेखी परवानगी लागते, म्हणून पोलीस ठाण्यातला अर्ज आठ-दहा दिवस आधीच द्यावा. कापूस वेचून परतलेल्या बाया स्वयंपाक आटोपून मोकळ्या होईपर्यंत पावणेआठ वाजतात. ज्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तेथे तीही तोवर आटोपलेली असते आणि सतरंज्या घालायला सवयीचे हात मिळतात. पावणेआठला आरंभ, पाऊण तास व्याख्यान, पाऊण तास प्रश्नोत्तरे, साडेनवाच्या आत समाप्ती, असा हिशेब ठेवावा.

जागा जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणाचीच असावी. मंदिराचा पार किंवा कोणा पुढाऱ्याचा वाडा सोयीचा वाटला, तरी तेथे गावातील काही वस्त्यांची माणसे मोकळेपणाने येऊन बसत नाहीत आणि बसली तरी तोंड उघडत नाहीत.

वक्ते निरनिराळ्या क्षेत्रांतले हवेत, मात्र नावाजलेला माणूस शोधण्यापेक्षा गावाचा प्रश्न हाती घेऊन माणूस शोधावा. अकोल्याचे कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय ही ठिकाणे विदर्भातच आहेत. पत्र पाठवताना ‘शेतीपुढील आव्हाने’ असा ऐसपैस विषय न कळवता ‘फरदड घेतल्याने गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात कशी जाते’ एवढा नेमका कळवावा; फरदड म्हणजे मुख्य वेचणीनंतरही कपाशी शेतात राखून घेतलेले जादा पीक. कापूसतज्ज्ञाला दुपारीच बोलावून एखाद्या शेतात न्यावे, उभ्या पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीच्या झाडांवरची, चार-सहा हिरवी बोंडे तोडून घ्यावीत आणि रात्री व्याख्यानात ती सर्वांसमोर फोडायला द्यावीत. वरून निरोगी दिसणाऱ्या बोंडात किडकी सरकी आणि तिच्यात दडलेली गुलाबी अळी निघाली, की ती हातोहात मागच्या रांगेपर्यंत फिरवता येते, आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाकण्याचा सल्ला मग वेगळा पटवून द्यावा लागत नाही.

डॉक्टरांचा विषय सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर प्रोजेक्टरपेक्षा शाळेचा फळा व दोन रंगांचे खडू ठेवावेत. आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही त्यांच्यात आजाराचा अंश असला, तर चारांत एक मूल आजारी असे प्रमाण सांगितले जाते आणि ऐकणारा त्याचा अर्थ चौथे मूल आजारी निघेल असा घेतो. वस्तुतः प्रत्येक गर्भारपणात तोच २५ टक्के संभव नव्याने असतो. हे फळ्यावर चार वर्तुळे काढून, दोनदा सांगण्याची विनंती डॉक्टरांना आधीच करावी.

जमिनीच्या कायद्याची रात्र सर्वांत जपून आखावी. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, हे वकिलांनी सांगताच सभेत भाऊ आणि बहिणी एकाच वेळी ताठ होऊन बसतात. गावातल्या चालू वादावर चर्चा होणार नाही, हे अध्यक्षांनी आरंभीच स्पष्ट करावे; समजावण्यासाठी नावे झाकलेला सातबारा व फेरफार मोठ्या अक्षरांत छापून आणावा. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी काय वाचावे, हा भाग वगळला जाऊ देऊ नये.

प्रश्नांची तयारी व्याख्यानाच्या तयारीइतकीच करावी लागते. गाडगेबाबांचे कीर्तन सवाल-जबाबावर चाले. ते विचारत आणि समोरचा समुदाय उत्तर देई, हे वऱ्हाडला नवे नाही. तरीही पाहुण्या विद्वानासमोर माणसे गप्प होतात. यासाठी आठवडाभर आधी एक डबा किराणा दुकानात आणि एक अंगणवाडीत ठेवावा, चिठ्ठीवर नाव लिहायला लावू नये, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे प्रश्न कॉलेजातल्या मुलींनी घरोघरी जाऊन उतरवून घ्यावेत. या चिठ्ठ्या वक्त्यांकडे दोन दिवस आधी पोचल्या, तर व्याख्यानाचा रोखच बदलतो. दुसरा माईक लांब वायरीचा घेऊन स्त्रियांच्या बाजूला ठेवावा; तो मंचावर गेला, की परत येत नाही.

सत्काराचे काय करावे, याविषयी आयोजक मंडळात वाद होईल. माझे मत असे की हार, शाल, श्रीफळ, मान्यवरांची दोन-दोन शब्दांची भाषणे यांस एकूण पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये, कारण हा वेळ नेहमी प्रश्नोत्तरांतूनच कापला जातो. प्रवासखर्चाचे पाकीट वक्ता गाडीत बसण्यापूर्वी शांतपणे द्यावे. जेवणाची पंगत व्याख्यानानंतर, भाकरी आणि वांग्याच्या भाजीची. आधी भरपेट जेवू घातलेला वक्ता आणि श्रोता दोघेही पेंगतात.

जनरेटर सांगून ठेवावा व त्यात डिझेल आहे हे सायंकाळी स्वतः पाहावे. वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्या एका वहीत उतरवून वक्त्यांना पाठवाव्यात आणि आलेली उत्तरे वाचनालयाच्या फलकावर लावण्याचे काम कोणा एकाच्या नावावर तेव्हाच नेमून द्यावे.