स्ट्रॉबेरीचा जॅम, खास फ्रीजरसाठी

थंडीत सापुताऱ्याहून नाशिकला परतताना बोरगावच्या आसपास रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीवाले बसलेले असतात. सुरगाणा तालुक्यातला हा माल. खोक्यात वर लावलेली टपोरी फळं खाऊन संपवा, जॅमला खालची बारकी घ्या. जराशी दबलेली चालतात. बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला, तर मात्र ते फळ अख्खं फेकायचं. तेवढाच भाग कापून बाकीचं वाचवायला जाऊ नका. किलोत पाच-सहा फळं देठाशी पांढरट, अर्धकच्ची असू द्या. जॅम धरतो तो पेक्टिनमुळे, म्हणजे फळातल्या रस घट्ट करणाऱ्या द्रव्यामुळे. स्ट्रॉबेरीत ते मुळातच कमी असतं, आणि फळ पिकेल तसं आणखी कमी होतं.

आता साखर. कपाटात टिकवायच्या जॅमला फळाच्या जवळपास बरोबरीनं साखर लागते, कारण तीच त्याला टिकवते. फ्रीजरमध्ये ते काम थंडी करते, मग साखर चवीपुरती घातली तरी भागतं. माझं माप असं: देठ काढलेली फळं १ किलो, साखर ४५० ग्रॅम, २ लिंबांचा रस आणि एका लहान, करकरीत पेरूचा बिया वगळून बारीक कीस. पेरूत पेक्टिन भरपूर. चव लागत नाही, काम मात्र करतो. आमच्या सासूबाई म्हणतात, हा जॅम नव्हे, पातळ साखरांबा. म्हणोत बापड्या, पोळीवर लावायला पहिला चमचा त्यांचाच असतो.

फळं देठासकट धुवा, पंचावर कोरडी करा आणि मगच देठ काढा. आधी काढले तर पाणी आत शिरतं. चिरून साखरेत कालवा आणि दोन-तीन तास झाकून ठेवा. भरपूर रस सुटतो, वरून पाण्याचा थेंब नको.

पातेलं स्टीलचं, पसरट आणि जाड बुडाचं घ्या. आंबट फळ आहे, ॲल्युमिनियम किंवा कल्हई उडालेलं पितळ नको. अर्ध्याच्या वर भरू नका, हा पदार्थ दुधासारखा वर येतो. लिंबाचा रस आणि पेरू घालून मोठ्या आचेवर उकळी आणा, मग आच मध्यम करा. सुरुवातीला गुलाबी फेस येतो, तो चमच्यानं काढून वाटीत ठेवा. घरातली मुलं तो संपवतात. वीसेक मिनिटांनी बुडबुडे मोठे, चकचकीत आणि जड व्हायला लागतात, फुटताना फटफट आवाज येतो आणि रंग गडद होतो. इथून पुढे हात थांबवायचा नाही, बूड लागतं.

तार बघत बसू नका, एवढ्या साखरेत ती येणार नाही. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर अर्धा चमचा टाका, मिनिटभर थांबा आणि मधून बोट फिरवा. वाट तशीच राहिली तर गॅस बंद. लगेच भरून आली तर आणखी तीन-चार मिनिटं.

पूर्ण गार झाल्यावर लहान डब्यांत भरा. वर बोटभर जागा सोडा, गोठताना जॅम फुगतो. काचेची बरणी वापरायची तर सरळ उभी. गळा आवळलेली तडकते. झाकणावर महिना लिहा. पुढच्या हंगामापर्यंत मजेत टिकतो.

लागेल तसा एकच डबा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. उघडलेला डबा फ्रीजमध्येच ठेवून तीन आठवड्यांत संपवा. बाहेर राहिला तर इतक्या कमी साखरेला बुरशी लवकर धरते. सैल राहिलाच, तर पुन्हा चुलीवर चढवू नका. गार दुधात घुसळा, आणि कुणी विचारलंच तर मिल्कशेकसाठीच केला होता म्हणून सांगा.