ऋण आणि दशांश संख्यांचा गुणाकार : घोळ होतो तो शेवटच्या शून्यापाशी

(−२.४) × ०.३५ हे उदाहरण घेऊ. पाढे पाठ आहेत आणि हातचा घेऊन गुणता येतं, हे गृहीत धरलंय.

१. आधी चिन्ह ठरवा, आकड्यांना हात लावण्यापूर्वी. गुणाकारात ऋण संख्या किती आहेत ते मोजा. सम असतील तर उत्तर धन, विषम असतील तर ऋण. एखादी संख्या शून्य असेल तर उत्तर शून्य, मोजत बसू नका. इथे ऋण संख्या एकच आहे, म्हणून उत्तराच्या जागी आत्ताच उणे लिहून ठेवा. हा नियम ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तातही आहे. तरी पटत नसेल तर −४ ला क्रमाने २, १, ० ने गुणा. उत्तरं −८, −४, ० येतात, दर वेळी ४ ने वाढतात. पुढचा गुणक −१, मग उत्तर ४ शिवाय दुसरं काय येणार?

‘उणे उणे अधिक’ हा अर्धवट मंत्र मात्र मुलांना देऊ नका. तो घोकलेली मुलं −३ − ५ चं उत्तर बिनधास्त ८ लिहितात. तिथे गुणाकार नाहीच, उत्तर −८. ‘ऋण गुणिले ऋण बरोबर धन’ असं पूर्ण म्हणायला लावा.

२. दशांश चिन्ह नाहीच असं समजून गुणा : २४ × ३५ = ८४०. चिन्हाखाली चिन्ह मांडायचं ते बेरजेत. इथे त्याचा काही उपयोग नाही.

३. आता दशांश चिन्ह परत बसवा. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं, आणि नियम माहीत असूनही बिघडतं. दोन्ही संख्यांत चिन्हापुढे मिळून किती अंक आहेत ते मोजायचे : २.४ मध्ये एक, ०.३५ मध्ये दोन, एकूण तीन. उत्तराच्या उजवीकडून तीन घरं सोडून चिन्ह द्यायचं. ०.८४०, म्हणजेच ०.८४. उणे आधीच लिहिलंय, म्हणून −०.८४.

आता सापळा बघा. ८४० दिसले की नीटनेटक्या मुलांचे हात शिवशिवतात. ती शेवटचं शून्य आधी खोडतात, मग ८४ मध्ये तीन घरं मोजतात आणि ०.०८४ लिहून मोकळी होतात. उत्तर दहापट लहान! चिन्ह बसेपर्यंत एकही शून्य खोडायचं नाही, यात तडजोड नाही. २.४ म्हणजे २४ भागिले १०, ०.३५ म्हणजे ३५ भागिले १००; म्हणून ८४० ला १००० ने भागायचंय. मधेच शून्य उडवलंत तर भागाकार भलत्याच संख्येचा होतो.

उलटा प्रकारही होतो : ०.०३ × ०.२. गुणाकार ६, घरं हवीत तीन, अंक एकच. मग डावीकडे शून्यं भरा : ०.००६. इथे ०.०६ लिहिणारे पुष्कळ, कारण गुणल्यावर संख्या एवढी लहान कशी होईल असं त्यांना वाटतं. एकाहून लहान धन संख्येने धन संख्येला गुणलं की ती लहानच होणार. अर्ध्याचं अर्धं पाव होतं, तसंच.

४. अंदाज घ्या. ही पायरी सगळे गाळतात, आणि ‘कॅल्क्युलेटर आहे की’ म्हणणारे तर हमखास. बटण दाबताना दशांश चिन्ह निसटलं तर यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच ऐटीत दाखवतं. २.४ म्हणजे जवळपास अडीच, ०.३५ म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, उत्तर ०.८ च्या आसपास हवं. ०.०८४ तिथेच पकडलं जातं. पाऊण-दीड-अडीच तोंडात असलेल्यांना हे फार सोपं जातं : २.५ × ०.७५ म्हणजे अडीचची पाऊणपट, दोनाच्या जरा खाली. उत्तर १.८७५. १८.७५ आलं तर घरं पुन्हा मोजा.

तीन संख्या असल्या तरी रीत बदलत नाही. (−०.५) × (−०.२) × (−३) : ऋण संख्या तीन, म्हणून उत्तर ऋण. ५ × २ × ३ = ३०. घरं दोन, म्हणून −०.३०. आता शेवटचं शून्य खोडायला हरकत नाही : −०.३.