चौघांचा एक इंग्रजी शोधलेख: लिहायला बसण्याआधीची तयारी

विद्यापीठातील इंग्रजी लेखनाच्या अभ्यासक्रमात ज्यांना पुढच्या सत्रात गटाने शोधलेख लिहून द्यायचा आहे, त्यांच्यासाठी ही यादी आहे. गट चौघांचा धरला आहे. तिघे किंवा पाच जण असले तरी फारसा फरक पडत नाही. सामाईक गूगल डॉक उघडणे, व्हॉट्सॲप गट करणे आणि मुदतीची तारीख लिहून ठेवणे या गोष्टी सगळेच करतात, त्यामुळे त्यांविषयी काही सांगत नाही. उदाहरणासाठी घेतलेला विषय पुण्यातील लक्ष्मी रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता येथील दुकानांच्या पाट्यांवरील भाषांचा आहे. तो आमच्या गटाने केला होता, आणि एकत्र लिहिताना येणाऱ्या बहुतेक अडचणी त्यात भेटतात.

पहिली गोष्ट टिपणांची. बाकीचे काही राहिले तर पुढे निभावून नेता येते, हे राहिले तर येत नाही. कोणत्याही लेखातून, पुस्तकातून किंवा बातमीतून जशीच्या तशी उतरवलेली प्रत्येक ओळ त्याच क्षणी अवतरणचिन्हांत घालावी, तिच्यापुढे लेखक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक लिहावा, आणि ती कोणी उतरवली त्याचे आद्याक्षर लिहावे. आमच्या गटाने हे केले नव्हते. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यातील एका वाक्याखाली रेघ ओढून मॅडमनी समासात "हे वाक्य कोणाचे?" असे विचारले, आणि चौघांपैकी कोणालाच सांगता आले नाही. ज्याने ते वाचताना टिपून घेतले होते त्याला ते आठवत नव्हते. जिने ते खर्ड्यात घेतले तिला ते सहकाऱ्याने स्वतःच्या शब्दांत मांडलेले वाटले होते. आणि ज्याने शेवटी भाषा तपासली त्याने त्यातील दोन शब्द बदलून ते ओळखणे आणखी अवघड केले होते. उचलेगिरीचा हेतू कोणाचाच नव्हता, पण लेखावर चौघांची नावे होती आणि गुणही चौघांचेच गेले.

एकट्याने लिहिताना कोणते वाक्य आपले आणि कोणते उतरवलेले, हे थोडेफार लक्षात राहते. गटात टिपण एकाचे, खर्डा दुसऱ्याचा आणि दुरुस्ती तिसऱ्याची असते, त्यामुळे ही आठवण कोणाकडेच राहत नाही. ती कागदावरच राहायला हवी, म्हणून टिपणांसाठी चार रकान्यांचा एकच सामाईक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात "लँड्री आणि बूरिस, १९९७, पृ. २५" अशी नोंद, दुसऱ्यात अवतरणचिन्हांत मूळ इंग्रजी वाक्य, तिसऱ्यात त्याचा आशय आपल्या शब्दांत, आणि चौथ्यात आद्याक्षर. तिसरा रकाना दुसऱ्याकडे न बघता भरावा. बघून भरला की वाक्याची बांधणी तशीच राहते आणि फक्त शब्द बदलतात, आणि तेही उचललेलेच ठरते. लँड्री आणि बूरिस यांची नोंद मुद्दाम दिली आहे. पाट्यांच्या भाषेवरील असंख्य लेख त्यांची त्या पानावरील "लिंग्विस्टिक लँडस्केप"ची (सार्वजनिक जागेतील पाट्यांच्या भाषांची) व्याख्या उद्धृत करतात, त्यामुळे ती तुमच्या टिपणांत वेगवेगळ्या वाटांनी दोनतीनदा येईल, कुठे पूर्ण, कुठे अर्धी, कुठे शब्द फिरवलेली. मूळ लेख मिळवून तो वाचावा. तो मिळालाच नाही तर ज्या लेखातून अवतरण घेतले त्याचे नाव द्यावे. न वाचलेला लेख वाचल्यासारखा दाखवू नये.

"आधी वाचून घेऊ, पृष्ठक्रमांक नंतर भरू" असे गटात कोणीतरी म्हणेलच. त्याला तिथल्या तिथे थांबवावे. नंतर पृष्ठक्रमांक भरणे म्हणजे सगळे पुन्हा वाचणे, आणि मुदतीच्या आदल्या रात्री कोणीही पुन्हा वाचत नाही.

टक्क्यांविषयीही एक गैरसमज आधीच दूर करावा. वाङ्मयचौर्यासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्याला दंड सांगितलेला नाही, आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे शब्द मोजणीतून वगळले आहेत. विद्यार्थ्यांमध्ये यातील फक्त "दहा टक्के चालतात" एवढेच पसरले आहे. एक तर त्याच विनियमांनी अभ्यासक्रमातील गृहपाठ, प्रकल्प अहवाल आणि निबंध आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, म्हणजे वर्गासाठी लिहिलेल्या लेखाला शिक्षकांचा आणि विभागाचा नियम लागू होतो. तोच लेख पुढे नियतकालिकात छापायला पाठवला की मात्र आयोगाचे विनियम लागतात. दुसरे म्हणजे साम्य मोजणारी प्रणाली जुळणारे शब्द मोजते, प्रामाणिकपणा मोजत नाही. आमच्या लेखातील साम्य किरकोळच होते. अवतरणचिन्हांशिवाय आलेले एक वाक्य शिक्षकांना पुरेसे असते, आणि तसेच असायला हवे.

यानंतर मुख्य प्रतिपादन. चर्चा मराठीतच करावी, विचार तिथे मोकळेपणाने होतो. पण बैठक संपण्यापूर्वी प्रतिपादनाचे एक वाक्य चौघांनी मिळून इंग्रजीत लिहावे आणि दस्तऐवजाच्या अगदी वर ठेवावे. मराठीत "पाट्यांवर इंग्रजीचा प्रभाव आहे" यावर सगळे माना डोलावतात, पण लिहायला बसल्यावर एकाच्या मनात लिपी असते, दुसऱ्याच्या मनात शब्द आणि तिसऱ्याच्या मनात अक्षरांचा आकार, आणि तीन दिशांचे तीन विभाग तयार होतात. ज्याला कोणी विरोधच करणार नाही ते प्रतिपादन नव्हे. राज्यात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, २०२२ च्या दुरुस्तीने मराठी देवनागरी पाटीची सक्ती लहान दुकानांनाही लागू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. या पार्श्वभूमीवर "सक्तीनंतर पाट्यांची लिपी बदलली, शब्द मात्र इंग्रजीच राहिले" असे वाक्य घेतले तर ते तपासता येते, खोटेही ठरू शकते आणि दोन रस्त्यांची तुलनाही त्यात बसते. असे वाक्य मिळेपर्यंत कोणीही परिच्छेद लिहायला घेऊ नये.

त्याच बैठकीत संज्ञांचे पान करावे. "मोबाइल शॉपी" अशी देवनागरी पाटी मराठी मोजायची की इंग्रजी? लिपी आणि भाषा यांसाठी दोन स्वतंत्र रकाने केले की हा प्रश्न सुटतो, एकच केला की सुटत नाही. दुकानाची मुख्य पाटी, काचेवर चिकटवलेली जाहिरात आणि दारावरचे "ढकला" हे एकच चिन्ह की तीन? टोकियोतील पाट्यांवर काम करणाऱ्या बाकहाउस यांनी स्पष्ट चौकट असलेला कोणताही लिखित मजकूर एक चिन्ह मानला आहे. तुम्ही ते मानाल किंवा नाही, पण चौघांनी एकच मानावे आणि लेखात तसे सांगावे. मग दोघांनी एकमेकांना न विचारता पाट्यांची तीच वीस छायाचित्रे वर्गीकृत करून बघावीत. जिथे मतभेद निघतील तिथे व्याख्या सैल आहे, एवढे समजायला पुरते, आणि ती घट्ट करायला तेव्हाच वेळ असतो. छायाचित्राच्या नावात रस्ता, बाजू आणि तारीख घालावी. पाटीवरील दूरध्वनी क्रमांक आणि आत आलेले चेहरे लेखात दाखवण्यापूर्वी झाकावेत.

शासनाचे आदेश आणि वृत्तपत्रांतील बातम्या मराठीत असतील, त्यांचे इंग्रजी तुम्हालाच करावे लागेल. इथेही टिपणाचा नियम तोच: दुसऱ्या रकान्यात मूळ मराठी ओळ अवतरणचिन्हांत, शेजारी आपले भाषांतर, भाषांतर करणाऱ्याचे आद्याक्षर, आणि लेखात भाषांतर आमचे असल्याचा उल्लेख. भाषांतर झालेले वाक्य स्वतःचे वाटायला लागते, कारण ते बसवायला आपण कष्ट घेतलेले असतात. तरी ते मूळ लेखकाचेच असते. चॅटजीपीटीसारख्या साधनांविषयी शिक्षकांचा नियम पहिल्या आठवड्यातच लेखी विचारून घ्यावा. परवानगी असली तर त्यातून आलेला मजकूरही तक्त्यात वेगळ्या खुणेने ठेवावा. तो खुणेशिवाय सामाईक खर्ड्यात चिकटवला की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, आणि त्यातील संदर्भ अस्तित्वातच नसण्याची शक्यता असते, ते वेगळेच.

कामाची वाटणी "प्रस्तावना तुझी, निष्कर्ष माझा" अशी करू नये. निष्कर्ष लिहिणाऱ्याला विश्लेषण माहीत नसते आणि तो प्रस्तावनाच पुन्हा लिहितो. वाचन आणि छायाचित्रे सगळ्यांनी करावीत, पहिला खर्डा दोघांनी शेजारी बसून लिहावा, उरलेल्या दोघांनी तो गूगल डॉकमधील सूचना-पद्धतीतच (सजेस्टिंग मोड) तपासावा, थेट बदल करू नयेत. शेवटचा हात एकाचाच असावा, म्हणजे लेखाचा आवाज एक राहतो. मात्र त्या एकाला प्रत्येक बदलाच्या वेळी टिपणांचा तक्ता उघडा ठेवायची सवय हवी. आमच्याकडे भाषा उत्तम असलेल्या सहकाऱ्याने तक्ता न बघता वाक्ये घासूनपुसून घेतली आणि उतरवलेली वाक्ये आणखी लपली. खर्डा वर्डमध्ये लिहून गूगल डॉकमध्ये एकदम चिकटवला तर बदलांच्या इतिहासात सगळे काम चिकटवणाऱ्याच्या नावावर दिसते. वैयक्तिक योगदानावर गुण असतील तर हे महागात पडते, म्हणून सामाईक फाइलमध्येच लिहावे. नावांचा क्रम पहिल्याच बैठकीत ठरवावा. तो शेवटी ठरवायला घेतला की मैत्रीवर ताण येतो.

संदर्भपद्धती शिक्षकांनी सांगितलेली वापरावी आणि तिच्यासोबत क्रियापदाचा काळही ठरवावा, कारण इथे गट फार घसरतात. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीत आधीच्या संशोधकाचे म्हणणे भूतकाळात किंवा पूर्ण वर्तमानात सांगतात, एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीत सहसा साध्या वर्तमानात. चौघांनी चार ठिकाणांहून सवयी आणल्या असतील तर एकाच परिच्छेदात दोन्ही दिसतात आणि वाचणाऱ्याला जोड लगेच कळतो. तीन किंवा अधिक लेखक असलेल्या स्रोताचा उल्लेख मजकुरात पहिल्या लेखकाचे नाव आणि "एट अल" असा करायचा, हे एपीएच्या सातव्या आणि एमएलएच्या नवव्या आवृत्तीत सारखेच आहे. स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकी, एकदा ठरवून दस्तऐवजाची भाषा तशी बसवावी. झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या साधनात गटाचे ग्रंथालय मोफत करता येते, ते करावे, पण त्याने आपोआप ओढलेल्या नोंदींवर विसंबू नये: शीर्षकातील मोठी अक्षरे, गाळलेला अंक क्रमांक आणि उलटी पडलेली भारतीय नावे हाताने तपासावी लागतात.

खर्डा पूर्ण झाल्यावर मुदतीपूर्वी निदान तीन दिवस हाताशी ठेवावेत. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. "द" आणि "अ" ही उपपदे जिथे गळली आहेत तिथे कान अडखळतो, डोळा अडखळत नाही. मग आढाव्याचा विभाग पुन्हा एकदा फक्त अवतरणांसाठी वाचावा. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून ते कोणाचे ते विचारावे, आणि उत्तर तक्त्यात सापडले नाही तर वाक्य कितीही चांगले असले तरी काढून टाकावे. त्याच्यावर वाद घालत बसू नये.

मजकुरातील प्रत्येक संदर्भ सूचीत आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात आहे का, तक्त्यांतील बेरजा जुळतात का, छायाचित्रांना क्रमांक आहेत का, हे बघावे. सारांश सर्वांत शेवटी लिहावा. कोणी काय केले याच्या दोन ओळी द्याव्यात, मागितल्या नसल्या तरी. चौघांची नावे आणि आसनक्रमांक पहिल्या पानावर घालावेत, पीडीएफ एकदा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघावी, आणि सादर केल्याची पावती चौघांनी जपून ठेवावी. टिपणांचा तक्ता आणि मूळ छायाचित्रे निकाल लागेपर्यंत कोणीही पुसू नयेत. तोंडी परीक्षेत ती मागितली जातात.